चार फुटांची जोसी

"मुलं चाकं लावूनच जन्माला आली असती तर देवाचं काय बिघडलं असतं," असं कोणीतरी गाडीच्या पोटातून पुटपुटलं.

मी वाकून पाहिलं. माझा नवरा वेंडेल डिकीत कमरेपर्यंत शिरला होता आणि धाकट्या नातीची बाबागाडी, बर्फाची पेटी आणि स्वतःचं डावं कोपर या तिघांना एकाच कोपऱ्यात बसवू पाहत होता. सकाळचे जेमतेम सहा वाजले होते, पण आमच्या मिझुरीतला जुलै एव्हाना अंगाला चिकटायला लागला होता.

"देवाला काही विचारायचं असेल तर बाहेर येऊन विचार," मी म्हणाले. "आतून त्याला ऐकू जात नाही."

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सहल आखण्यात माझा हात धरील असं माणूस आमच्या गावात नाही. टोप्या, उन्हाचं मलम, ओले रुमाल, खारी बिस्किटं, गोठवलेली द्राक्षं, प्रत्येक मुलीचे कपड्यांचे तीन जोड, सगळं माझ्या यादीत होतं. दुपारी पारा एकशे दोनवर जाणार, असं रेडिओ सांगत होता. माणसाला एवढा ताप चढला तर आपण त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवतो. आम्ही त्याच तापात दोन चिमुरड्या घेऊन पार्कातल्या रांगांमध्ये उभे राहायला निघालो होतो, आणि तेही हौसेनं. पण मला चिंता नव्हती. माझी यादी होती.

यादीत फक्त एकच गोष्ट नव्हती. ती लिहायची माझी छाती झाली नाही. ती गोष्ट अशी, की माझी थोरली नात जोसी चार फूट उंच नव्हती.

आता हे चार फुटांचं प्रकरण काय, तेही सांगते. आमच्या पार्कात 'माथेफिरू खेचर' नावाची लाकडी रुळांवरची गाडी आहे. ती वर चढताना स्वतः कण्हते आणि उतरताना माणसांना किंचाळायला लावते. तिच्या दाराशी एक लाकडी खेचर उभं केलंय. मुलाचं डोकं त्याच्या कानाला लागलं तर आत, नाही लागलं तर पुढच्या वर्षी या. तो कान बरोबर चार फुटांवर आहे. आमच्या घराण्याची रीत अशी, की मूल चार फुटांचं झालं की त्याच उन्हाळ्यात वेंडेलच्या शेजारी बसून त्यानं खेचरावर पहिली फेरी मारायची. माझी मुलगी कॉरिन बसली होती. तिचा भाऊ बसला होता आणि उतरताना सकाळची न्याहारी वरच ठेवून आला होता. आता पाळी जोसीची. ती सात वर्षांची आहे, आणि त्यातली तीन वर्षं तिनं या दिवसाची वाट पाहण्यात घालवलीत.

मुलांची उंची मोजायची आमच्या स्वयंपाकघरात, फडताळाच्या चौकटीवर. तिथे तीस वर्षांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि चार फुटांवर वेंडेलनं पितळेची एक बारीक पट्टी ठोकलीय. या ईस्टरला जोसी चौकटीला पाठ लावून उभी राहिली. वेंडेलनं तिच्या डोक्यावर पुस्तक सपाट धरलं, डोळा बारीक केला आणि जाहीर केलं, "चार फूट. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी केक कापला. आणि केक कापताकापताच माझ्या डोक्यात ते आलं.

हिवाळ्यात वेंडेलनं स्वयंपाकघरात नवी जमीन घातली होती. जुनी तशीच ठेवून तिच्यावर पाव इंचाचं अस्तर आणि अस्तरावर पाऊण इंचाच्या ओकच्या फळ्या. काम असं की बघत राहावं. पण जमीन इंचभर वर आली आणि चौकट होती तिथेच राहिली. म्हणजे त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात जो कोणी पाऊल टाकील तो इंचभर उंच. मला तर फेब्रुवारीतच वरच्या फळीवरची बरणी हाताला यायला लागली होती. मला वाटलं, त्या नव्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा गुण. दोन मैत्रिणींना मी त्या घ्यायलाही लावल्या.

इतरांनाही ते कळलं होतं. ईस्टरच्याच जेवणाला जावई क्लेटन टेबलापाशी उभा राहिला आणि त्याचं टाळकं दिव्यावर आपटलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. त्यानं दिव्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, वेंडेलकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बटाटे छान झालेत." कॉरिननं भांडी विसळताना मला हळूच विचारलं, "आई, तुझ्या स्वयंपाकघरात मी जरा उंच वाटते का गं?"

"चपलांमुळे असेल," मी म्हणाले.

ती अनवाणी होती.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं. कोणाला? वेंडेल कपाटं बनवतो. चाळीस वर्षं बनवतोय, आणि त्याचं माप चुकलंय असं म्हणणारा माणूस आमच्या कुटुंबात एकच होऊन गेला. माझा भाऊ. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तो म्हणाला, की वेंडेलनं केलेली मांडणी जरा डावीकडे झुकलीय. वेंडेल ताडकन उठला. गाडीतून सपाटी तपासायची पाणसळ घेऊन आला आणि टर्की थंड होईपर्यंत सिद्ध करत बसला, की मांडणी सरळ आहे, माझ्या भावाचं घर झुकलंय. त्यानंतर तीन थँक्सगिव्हिंग आम्ही आमच्याच घरी केले.

म्हणून आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात एकच ठरवलं. खेचराच्या दाराशी कोणीतरी परकं माणूस उभं असेलच. वाईटपणा त्याला घेऊ दे.

पण त्या पहाटे, आमच्याकडे मुक्कामाला आलेली जोसी झोपेत असताना माझं मन द्रवलं. एवढ्या लोकांसमोर पोर अगदी इंचभर कमी पडायची. निदान अर्ध्यानं पडू दे. मी न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि तिच्या बुटांच्या आतल्या तळव्याखाली तीन थर सरकवले. मी एका इंचाचा विचार करत होते. खेचराचा विचार मी केलाच नव्हता, हे कबूल करते.

बूट मला हाताला जरा जड लागले. आदल्या दिवशी वेंडेलनं ते "पुसायला" म्हणून गॅरेजमध्ये नेले होते. लग्न झाल्यापासून त्यानं स्वतःचे बूट पुसले नव्हते, पण मला घाई होती.

पार्काच्या मैदानात गाडी लागली तेव्हा क्लेटन गुडघ्यावर बसून जोसीच्या बुटांच्या नाड्या बांधत होता. चांगली पाच मिनिटं.

"एवढा वेळ?" मी विचारलं.

"दुहेरी गाठ मारतोय, आई," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

कॉरिननं लेकीचे केस वर बांधले होते. म्हणजे किती वर? आमच्या चर्चचा मनोरा आठवला मला. "मानेला वारा लागतो," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

जोसी उतरली आणि चालायला लागली, ती गोठलेल्या तळ्यावरून बगळा चालतो तशी. पण तिनं हूं की चूं केलं नाही. मी मनात म्हटलं, उत्साह किती पोरीला.

खेचराकडे जायचा रस्ता फाटकापासून सरळ सात मिनिटांचा. आम्हाला तो कापायला चार तास लागले आणि तरी आम्ही पोचलो नाही.

"आधी लिंबूपाणी," क्लेटन म्हणाला.

"आधी ती कठपुतळ्यांची गंमत बघू, सावली आहे," कॉरिन म्हणाली.

"आधी लाकडी घोडे," वेंडेल म्हणाला. "सांधे बघण्यासारखे आहेत."

जोसी प्रत्येकाला "चालेल" म्हणाली. तीन वर्षं जप केलेली मुलगी लाकडी घोड्यांचे सांधे बघायला चालेल म्हणते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण त्या उन्हात डोकं चालत नव्हतं. खारी झाडाखाली पोटं टेकून, चारी पाय पसरून पडल्या होत्या. लोखंडी बाकावर बसलेला एक गृहस्थ बसला त्याच्या दुप्पट वेगानं उठला. तीन वर्षांच्या धाकट्या बर्डीला मी इतकं मलम चोपडलं होतं की ती आखाड्यातल्या पैलवानासारखी प्रत्येकाच्या हातातून निसटत होती. तिच्या हातातली बर्फाची कांडी तोंडापर्यंत पोचायच्या आत संपली आणि ती रिकाम्या काडीकडे बघून म्हणाली, "कोणी खाल्लं?" सगळ्यांनी तिच्या बापाकडे पाहिलं.

बारा वाजले. आता खेचराचं कण्हणं स्पष्ट ऐकू येत होतं. मध्ये फक्त एक पूल.

"आधी जरा गार होऊ या," मी म्हणाले. "ओंडक्यात बसू."

पोकळ ओंडक्यातून पाण्याच्या पाटावरून जायचं आणि शेवटी उतारावरून धप्पकन तळ्यात. मला वाटलं, त्यात अर्धा तास सहज जाईल. माझी सूचना इतक्या झटपट आजवर कोणी मानलेली नाही. क्लेटन तर पळतच रांगेत गेला.

ओंडका पडला. आम्ही नखशिखान्त भिजलो. ते बरं वाटलं. पण बाहेर पडून चार पावलं गेलो नाही तोच जोसीच्या बुटांतून लापशी ढवळल्यासारखा पचपच आवाज यायला लागला, आणि ती एकदम उजवीकडे कलली. एक पाऊल वर, एक पाऊल खाली.

मागे वळून पाहिलं, तर आमच्या रिकाम्या ओंडक्यात बुटाचा एक काळा चपटा तळवा तरंगत होता. वेंडेलनंही तो पाहिला. त्याचा चेहरा असा झाला, की मला क्षणात गॅरेजमधली 'पुसापुस' समजली. चाळीस वर्षांचा सुतार, आणि बुटाला त्यानं लाकडाचा गोंद लावला होता. पाण्यात सुटतो तो.

"लचकला का पाय?" झाडू घेतलेल्या एका पार्कवाल्या मुलीनं विचारलं.

"मुळीच नाही," वेंडेल म्हणाला. इतक्या जोरात, की कोणालाही संशय यावा.

"ती अशीच चालते," कॉरिननं भर घातली.

"अशीच? कधीपासून?"

"सकाळपासून," मी म्हणाले.

"लहानपणापासून," त्याच क्षणी क्लेटन म्हणाला.

मुलीनं आमच्या चौघांकडे पाहिलं, कमरेचा वॉकीटॉकी काढला आणि आमच्याकडे पाठ करून हळू आवाजात बोलली. दोन मिनिटांत पिवळा दिवा फिरवत एक छोटी गाडी आली. जोसीला पुढे बसवलं, बर्डी मागे बसायचा हट्ट धरून बसलीच, आणि आम्ही चौघं भिजलेल्या कपड्यांत पचपचत मागून पळालो. वाटेत लिंबूपाण्याच्या रांगेतली एक बाई दुसरीला सांगत होती, "खेचरावरून पडली म्हणे." पुढच्या रांगेपर्यंत दोन मुली पडल्या होत्या. प्रथमोपचाराच्या दारात पोचेतो एक गृहस्थ वेंडेलचा हात हातात घेऊन म्हणाले, "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय."

वेंडेल म्हणाला, "आभारी आहे." दुसरं काय म्हणणार?

आत इतका गारवा होता, की आपणही एखादा पाय मुरगळून घ्यावा असं मला वाटलं. तिथल्या परिचारिका मिस ओपल माझ्याच वयाच्या, भरदार, आणि चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी जोसीचा पाय मांडीवर घेतला, बूट काढला, घोटा दाबला, बोटं हलवली.

"दुखतंय?"

"नाही."

"इथं?"

"नाही. गुदगुल्या होतात."

"पायाला काही झालेलं नाही," मिस ओपल म्हणाल्या. मग त्यांनी बूट उचलला आणि आत पाहिलं. मग चष्मा काढून पाहिलं.

आधी निघाले टाचेखालचे दोन मऊ, पारदर्शक गोळे. दिवसभर उभं राहणाऱ्या मोठ्या माणसांच्या बुटांतले. क्लेटन टायरच्या दुकानात दिवसभर उभा असतो. तो भिंतीवरचा उष्माघाताचा तक्ता अगदी मन लावून वाचू लागला.

मग आतला तळवा निघाला आणि त्याखाली माझा पुठ्ठा. तीन थरांचा आता एकच लगदा झाला होता, आणि त्यावर न्याहारीच्या खोक्यावरच्या चित्रातली खार अजून दात काढून हसत होती. कॉरिननं खारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या घरी ती खार रोज सकाळी सगळ्यांच्या समोर असते. मी पर्स उघडून तिच्यात काहीतरी शोधायला लागले. अजून सापडलेलं नाही.

मिस ओपलनी बूट उलटा केला. हा डावा बूट, याचा तळवा अजून टिकून होता. त्यांनी नखानं त्याची कड चाचपली. "हे मूळचं नव्हे. पण काम सुंदर आहे. आमच्या मोच्यालाही जमणार नाही."

वेंडेलनं स्वतःला आवरायचा प्रयत्न केला. मी पाहिलं, तो खरंच झगडला. पण शेवटी सुतार तो सुतार. "कॉर्क आहे," तो म्हणाला. "वर रबराचा थर. अर्धा इंच. कडा तिरक्या तासल्यात, पोरीचा पाय अडखळू नये म्हणून."

"अर्धाच का?" मिस ओपलनी विचारलं.

"उरलेलं तिनं ईस्टरपासून वाढवलं असेल असा हिशेब होता," वेंडेल जमिनीला म्हणाला.

म्हणजे त्यालाही माहीत होतं. ज्याला कळू नये म्हणून आम्ही तिघं तीन महिने जिभा चावत होतो, त्याला सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

तेवढ्यात बर्डी खुर्चीवर चढली आणि तिनं बहिणीच्या डोक्यावरच्या मनोऱ्यात हात घातला. आतून क्लेटनचा हिवाळी लोकरी मोजा निघाला. बर्डीनं तो हातात घातला आणि सगळ्यांना टाटा केला.

"हा मोजा मी जानेवारीपासून शोधतोय," क्लेटन बायकोला म्हणाला.

"आता बोलू नकोस," कॉरिन म्हणाली. "तुझे गोळे टेबलावर आहेत."

मिस ओपलनी सगळा ऐवज टेबलावर ओळीनं मांडला. गोळे, खार, कॉर्क, मोजा. मग आमच्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"त्या खेचराच्या गाडीत मांडीवर दांडा असतो ना, बाई," त्या मलाच म्हणाल्या, कारण चौघांत वयाला शोभेल असं वागणारं कोणी असेल तर मी, अशी त्यांची समजूत असावी. "तो चार फुटांच्या मुलाला धरून ठेवतो. पुठ्ठ्याला धरत नाही."

माझ्या आत असा गारठा शिरला, की त्यात त्या खोलीतल्या यंत्राचा काही हात नव्हता. "तिला बसवायचं नव्हतं आम्हाला," मी म्हणाले. "खरंच. तिथं कोणीतरी नाही म्हणेल, अशी आमची खात्री होती."

"मग हे कशाला?"

याचं उत्तर समोरच होतं. ते खुर्चीत बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होतं. टोपी हातात फिरवत होतं.

मिस ओपलनी उसासा टाकला आणि एक छापील अर्ज पुढे ओढला. "गाडी बोलावली की कागद भरावा लागतो. मुलीचं नाव?"

"जोसेफिन," कॉरिन म्हणाली.

"वय?"

"सात," क्लेटन म्हणाला.

"उंची?"

पेन कागदावर टेकलं आणि थांबलं.

क्लेटन परत उष्माघाताच्या तक्त्याकडे गेला. त्याचा तो एव्हाना पाठ झाला असणार. कॉरिननं बर्डीचं नाक पुसलं. ते वाहत नव्हतं. मी पर्समधली शोधाशोध पुढे चालू केली. बाहेर खेचर कण्हत कण्हत वर गेलं, क्षणभर थांबलं, आणि माणसांचा आरडाओरडा खाली घेऊन आलं. वेंडेलनं तोंड उघडलं. मिटलं. मी त्याच्याबरोबर एकतीस वर्षं काढलीत. लग्नाच्या दिवशी पाद्र्यानं प्रश्न विचारला तेव्हाही त्यानं एवढा वेळ लावला नव्हता.

"चार..." तो म्हणाला, आणि तिथेच अडकला.

"चार फूट किती?" मिस ओपलनी विचारलं.

जोसी टेबलावरून खाली उतरली. अनवाणी, केस विस्कटलेले, सकाळपासून पहिल्यांदा सरळ चालत. मला ती एकदम लहान दिसली, आणि जेवढी असायला हवी बरोबर तेवढी. ती आजोबांच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि त्यांचा टोपी फिरवणारा हात तिनं धरून ठेवला. आजारी माणसाला बातमी सांगायच्या आधी डॉक्टर धरतात, तसा.

"शाळेतल्या नर्सबाईंनी मे महिन्यात मोजलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, ते लाकडी खेचरच सांगेल तुम्हाला. मग मला सांगावं लागणार नाही."

"काय सांगावं लागणार नाही?" वेंडेलनं विचारलं. आवाज जेमतेम निघाला.

जोसीनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पुढे झुकून, शक्य तितक्या मऊ आवाजात, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"आजोबा, तुमचं माप चुकलंय."